गिरणीची पायरी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही पंचवटीतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर सोडून सिडकोत तळमजल्यावर राहायला आलो, ते केवळ अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी जन्मभर बाजारात पाटी मांडून भाजी विकली. आता शे-सव्वाशे पावलांत त्यांना दम लागायचा. रोज थोडं चालले नाहीत तर अंथरूण धरतील, असं डॉक्टर म्हणाले होते. जुन्या घराच्या जिन्याच्या चोवीस पायऱ्या त्यांना उतरवत नव्हत्या. इथे तो त्रास नव्हता, पण वाटेत टेकायला ओळखीची एकही जागा नव्हती.

त्या जागा मी शोधल्या. कारखान्याला शनिवारी सुट्टी, म्हणून तीन शनिवार अण्णांच्या चालीने पावलं मोजत फिरलो. घरापासून ऐंशी पावलांवर दूध केंद्राचा कट्टा. तिथून एकशे दहावर पिठाच्या गिरणीची लांब, सावलीतली पायरी. पुढे एकशे वीसवर बागेतला बाक. मला स्वतःला गिरणीची पायरी फार आवडली. तिन्ही शनिवारी दहा-दहा मिनिटं बसलो. शटर बंद, सगळं शांत.

सोमवारी मी पहिल्या पाळीला गेलो आणि अण्णा एकटे निघाले. दुपारी घरी आलो तर ते खाटेवर पडलेले, गुडघा सोललेला, श्वास अजून लागलेला. दळणाला आलेल्या एका बाईंनी त्यांना रिक्षातून आणून सोडलं होतं.

"पायरीवर बसला नाहीत?" मी विचारलं.

"कुठे बसणार? सगळे दळणाचे डबे."

शनिवारी आमच्याकडे वीज बंद असायची. वीज नसते म्हणूनच कारखान्याला सुट्टी होती, आणि गिरणीही त्यामुळेच बंद होती. हे डोक्यातच आलं नाही.

"एखादा डबा सरकवायचा."

"नंबर लावून ठेवलेला डबा कसा हलवू? बाजारात कोणाची पाटी हलवली असती तर डोकं फुटलं असतं माझं."

"मग मागे फिरायचं ना, अण्णा."

"मागेही तेवढंच होतं. पुढे तुझा बाक आहे म्हणून चाललो."

बाकाच्या निम्म्या वाटेवर ते पडले होते.

दुसऱ्या दिवशी मी गिरणीत गेलो. पायरीवर चौदा डबे होते. गिरणीवाल्याने ऐकून घेतलं आणि आतली खुर्ची बाहेर काढून ठेवली. "आजोबांना सांगा, ही त्यांची. हिच्यावर कोणी डबा ठेवला तर त्याचं दळणच घेणार नाही."

अण्णांना सांगितलं तर ते हसले. "म्हणजे आता मलाच रांगेत ठेवलं म्हण."

पण ते गेले नाहीत. मी दंडाला धरून फाटकापर्यंत न्यायचो. रस्त्याकडे बघून ते हात सोडवून घ्यायचे. "आज गर्दी असेल," म्हणायचे. पावसाळाभर ते फाटकापर्यंत तरी येत होते. दिवाळीनंतर तेही थांबलं.