कापलेलं भांडण

कॅम्प-1 वस्तीतल्या माझ्या स्टुडिओत आम्ही तिघे फोटोग्राफर टेबलाभोवती बसून मराठीत पॉडकास्ट करतो. कुरुद गावच्या, शिवणकाम करणाऱ्या एक मावशी मशीन चालवता चालवता तो ऐकतात आणि लगेच व्हॉइस मेसेज पाठवतात. मागे मशीनची खडखड असते. कौतुक कधीच नसतं.

लग्नाच्या फोटोंवरच्या भागात, फोटोत नवरीला गोरी का करता म्हणून मी बाकीच्या दोघांवर भडकलो होतो. श्रोते पळतील म्हणत त्यांनी मला न विचारता ते सगळं कापलं. अजून डाचतं मला.

पुढच्या रेकॉर्डिंगला मावशी थेट स्टुडिओत आल्या.

“लग्नाच्या भागात तू गप कावून होता रे? तू गप बसनारा नाही.”

“बोललो होतो, मावशी. यांनी कापलं.”

त्यांनी पिशवीतून लग्नाचा फोटो काढून टेबलावर ठेवला. “ही माही पोरगी. मलेच वळखू नाही येऊन राहिली. आता बोल.”

आणि खुर्ची ओढून बसल्या.

मी पुन्हा तितकाच भडकलो. या वेळी कोणी काही कापलं नाही. भाग आल्यावर मावशींचा मेसेज आला, “पूरा ऐकला. पुढच्या बारीले जरा हळू ओरड.”

तो मी दोघांना दोनदा ऐकवला.