टेपवरचा मागाचा आवाज

शाळेतल्या पेटीचा भाता फाटला म्हणून मी त्याच्या दुकानात गेले, तिथून हे सगळं सुरू झालं. दुकान रेडिओ दुरुस्तीचं होतं, पेटीशी त्याचा काही संबंध नव्हता. पण ज्या वस्तूतून आवाज येतो ती त्याच्याकडे न्यायची, अशी आमच्या भागात पद्धतच पडली होती. मी तेव्हा सोलापुरात मुलींच्या शाळेत गाणं शिकवत होते. आमचं मूळ घर दुधनीचं, धान्याच्या व्यापारातलं. घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालायचं, आणि मुलीने नोकरी करावी की नाही यावर दोन्ही भाषांत भांडणं व्हायची. मी थोरल्या भावाकडे राहत होते. माझं लग्न माझ्या जिभेमुळे अडलंय असं वहिनीचं मत होतं, आणि वहिनी सहसा चुकत नसे.

त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून भाता ठीक केला आणि विचारलं, "बाई, दोन्ही हातांनी वाजवता येतं का तुमाला?" मी म्हटलं, पेटीला एक हात भात्यावर लागतो, हे तुम्हाला ठाऊक नाही का? तो हसला आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेला. तिथे जुन्या पेटीच्या पट्ट्या बसवलेलं एक लाकडी खोकं होतं. त्याला भाता नव्हता, पोटात नुसत्या तारा आणि ट्रान्झिस्टर. पट्टी दाबली की विजेवर सूर निघायचा. मोठ्या शहरांतल्या ऑर्केस्ट्रात विलायती इलेक्ट्रिक ऑर्गन असतात हे मी ऐकून होते, पण इथे एका माणसाने तो घरी जुळवला होता आणि त्याला स्वतःला तो धड वाजवता येत नव्हता. मला फार मजा वाटली.

तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणत असे. इथे 'तो' लिहिते, कारण मनात तो पहिल्या दिवसापासून 'तो'च होता.

दुकानाला लागूनच त्याचं घर, विणकरांचं. आईशी तेलुगू, दुकानात मराठी, गिऱ्हाईक तसं असेल तर दखनी. घराच्या मागच्या बाजूला त्याच्या भावाचे यंत्रमाग होते, चादरींचे. दुकान बेताचंच चालायचं, आणि घरात ठरून गेलं होतं की दिवाळीपर्यंत बघायचं. नाहीतर दुकान बंद करून त्याने भावाबरोबर मागावर उभं राहायचं. त्याला ते नको होतं. मुंबईत जाहिरातींचं संगीत करणारा एक स्टुडिओ होता, तिथे त्याचा मावसभाऊ सामान उचलायच्या कामावर होता. विजेच्या वाद्यांचे आवाज तयार करणारा माणूस त्यांना हवा होता. मावसभाऊ म्हणाला, एक चांगली टेप करून आण, मी साहेबांना ऐकवतो. सगळं त्या एका टेपवर येऊन ठेपलं होतं. ती पसंत पडली तर तो मुंबईला जाणार, आणि नाही पडली तर मागावर.

आणि मला तो इथेच हवा होता. हे मी कुणाला बोलले नाही, त्यालाही नाही. पण टेप वाईट व्हावी असं मात्र मला कधी वाटलं नाही. वाजवायला बसलं की वाईट वाजवणं मला जमतच नाही, तो माझा स्वभावच नाही.

शाळा सुटली की मी त्याच्या घरी जाऊ लागले. त्याची आई उंबऱ्याशी सूत गुंडाळत बसलेली असायची, म्हणून लोकांच्या तोंडाला कुलूप होतं. टेपरेकॉर्डर दोन, मोठ्या चकत्यांचे. एक त्याचा आणि एक ऑर्केस्ट्रावाल्या मित्राचा. एकावर माझा ऑर्गन भरायचा, मग तो वाजवत ठेवून त्याच्या जोडीला नवीन आवाज दुसऱ्यावर भरायचा. असे थर चढवत जायचे. सुरुवातीला आम्ही इतके थर चढवले की शेवटी पीठ चाळताना येतं तसं नुसतं सूंऽ ऐकू यायला लागलं. एका टेपवरून दुसऱ्यावर उतरवताना दर वेळी टेपचा स्वतःचा आवाज वाढतो, हे तेव्हा कळलं. मग ठरवलं, थर कमी करायचे आणि जो आवाज मागे राहणार आहे तो आधी भरायचा.

आमची भांडणं सुरू झाली ती डाव्या हातावरून. मी पहिल्यांदाच दोन्ही हात मोकळे सोडून वाजवत होते, सुटलेच होते. तो म्हणाला, खालचे सूर मी वेगळे भरणार आहे, तुम्ही डावा हात ठेवू नका. मला राग आला. दुसऱ्या दिवशी दोन्ही प्रकार ऐकवले त्याने. माझ्या डाव्या हाताने खाली नुसता चिखल केला होता. हात काढला तशी खालचा प्रत्येक सूर वेगळा कळायला लागला आणि वरचा सूरही मोकळा झाला. मी नाक मुरडलं आणि डावा हात पदराखाली घेऊन बसले. नंतर सगळं तसंच शिकत गेलो. टेपमधला पाठलागाचा आवाज, म्हणजे सूर येऊन गेल्यावर त्याची सावली मागून येते तो, आधी आम्ही इतका घातला की माझी चाल विहिरीत पडल्यासारखी वाटली. मग तो कमी करत करत, आहे हे कळू नये पण काढला तर चुकल्यासारखं वाटावं, इथवर आणला. ऑर्गनमधले एकच सूर काढणारे दोन भाग त्याने आधी एकमेकांवर अगदी तंतोतंत बसवले होते. आवाज मेलेला यायचा. एकाला केसभर सरकवलं आणि तो जिवंत झाला. विजेचा सूर सगळा एकाच जोराचा येतो, माणसासारखा चढत-उतरत नाही, म्हणून त्याने जुन्या हातमागाची पायाने दाबायची पट्टी आणून खाली बसवली. पाय दाबला की आवाज भरायचा, सैल सोडला की ओसरायचा. सकाळी ताज्या कानांनी आणि समोरच्या हॉटेलातल्या खरखरत्या रेडिओला जोडून ऐकल्याशिवाय कुठलीच गोष्ट नक्की करायची नाही, हा नियम माझा.

टेप झाली. ती घेऊन तो मुंबईला गेला आणि दोन दिवसांनी तोंड पाडून परत आला. साहेबांनी टेप पूर्ण ऐकली होती. चाल आवडली, आवाज आवडले. मग त्यांनी विचारलं, ते मागे सबंध वेळ खटखट वाजतंय, ते कुठलं वाद्य?

याला कळेचना. यानेही मग तिथे उभं राहून टेप पहिल्यांदा परक्या खोलीत ऐकली. माग वाजत होते. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत भावाचे माग वाजत होते आणि आम्ही दोघांनी, त्याच्या आईने, हॉटेलवाल्याने, कुणीही ते ऐकलेच नव्हते. आमच्या भागात तो आवाज नव्हताच. ती शांतता होती. मी कपाळावर हात मारला. साहेब भले माणूस, त्यांनी एवढंच सांगितलं की स्वच्छ टेप आण, मग बघू.

ऑर्गनची तार थेट टेपला जोडून पाहिली. माग गेले, पण आवाज डब्यात कोंडल्यासारखा कोरडा झाला. जुन्या मोठ्या रेडिओच्या स्पीकरमधून तो बाहेर काढून समोर माईक ठेवला की खोलीची हवा त्यात मिसळायची, ती हवी होती. तेव्हा ठरलं, मागांच्या सुट्टीच्या दिवशी भरायचं. भावाकडून चादरी आणून चारी भिंतींवर टांगल्या. मोर, फुलं, वेलबुट्टी, सगळीकडे लाल-हिरवं. आपण बोललेलं आपल्यालाच वेगळं वाटावं इतकी ती खोली शांत झाली. मी वाजवायला बसले.

आणि लय सुटली. माझी सुटली. चाल सुरू केली ती मी शेवटाकडे धावत सुटले. त्याने खालचे सूर भरले तर तो मागे रेंगाळला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी स्वतःला लयीची पक्की समजत असे. लय चुकली म्हणून मुलींच्या हातावर पट्ट्या मारल्या होत्या मी. आता बसल्या जागी रडू यायचं तेवढं बाकी होतं. त्याची आई उंबऱ्याशी सूत गुंडाळत होती, तीही थांबली आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, आज हाताला गतीच न्हाय, सुट्टीला असंच होतंय.

तो उठून उभाच राहिला. मग त्याने मागच्या बाजूच्या बंद मागांकडे बोट केलं. इतके दिवस आम्ही दोघं मागाच्या ठोक्यावर वाजवत होतो आणि आम्हाला ते ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माग चालू असताना त्याने भावाच्या एका मागाजवळ माईक नेला आणि नुसता तो ठोका टेपवर भरला. धोटा सूत घेऊन जातोय, येतोय, बस. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात चार आकडे मोजले आणि म्हणाला, "घ्या बाई." मला खोलीत सुरुवात कळावी म्हणून. पुढे चालीइतका वेळ नुसता माग.

ती टेप कानात ऐकत वाजवायचं, बाहेर काही जाऊ द्यायचं नाही, असं त्याने योजलं. कानाला लावायचं यंत्र एकच होतं, जुन्या बाजारातून आणलेलं, जड. ते त्याने मधोमध मोडलं. एक वाटी माझ्या कानाला रुमालाने बांधली, एक त्याच्या. तार आखूड होती. पुढच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही त्या चादरींच्या खोलीत खांद्याला खांदा लागेल असे बसलो, आणि बाहेर चिडीचूप असताना आमच्या दोघांच्याच कानात माग चालू होता. माझ्या एका कानात जग होतं आणि एका कानात तो. आयुष्यात मी इतकी सुखी कधी नव्हते. आता लिहायला लाज वाटायचं वय राहिलेलं नाही.

पहिल्याच फेरीत चाल बसली.

सगळे थर झाल्यावर त्याने नवी टेप लावली, स्वतः खोलीच्या बाहेर गेला आणि मला एकटीला ऐकायला बसवलं. त्याचा आता स्वतःच्या कानांवर भरवसा राहिला नव्हता. मी डोळे मिटून ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. तो दारात येऊन उभा राहिला.

"बाई, नीट सांगा. ह्यात आता हितलं काय ऐकू येतंय का?"

मी शोधलं होतं. खरंच शोधलं होतं. माग नव्हता, रस्त्यावरची सायकल नव्हती, त्याच्या आईच्या बांगड्या नव्हत्या. चादरींनी सगळं पिऊन टाकलं होतं. ती टेप कुठल्याही गावची असू शकत होती.

"नाही," मी म्हटलं. "काहीच येत नाही."

त्याचं तोंड असं उजळलं की मला दुसरीकडे बघावं लागलं.

मुंबईहून होकार आला. तो निघायच्या आदल्या दिवशी मी दुकानात गेले, तर सामान बांधून झालं होतं आणि मागाची टेप पुसून नव्याने वापरायला वेगळी काढून ठेवली होती. मी ती मागितली. तो म्हणाला, "काय करताय तिचं? नुसता माग हाय की तिच्यात." मी म्हटलं, असू दे. त्याने दिली, वर कापडात गुंडाळून दिली. कानाला बांधायची ती एक वाटीही मी मागणार होते, पण जीभ नेमकी तेव्हाच अडली. एरवी तिला कधी विश्रांती नसे.

त्याने मला बरोबर चल असं म्हटलं नाही. त्याच्या मनात तसं काही होतं की नाही, हे मला माहीत नाही. मीही विचारलं नाही. दोन घरांच्या दोन जाती, दोन भाषा, आणि मध्ये माझा भाऊ. पण खरं सांगायचं तर मी विचारलंच नाही.

पुढे माझं लग्न कुर्डुवाडीला झालं. नवरा रेल्वेत, शांत, चांगला माणूस. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या घरामागून जायच्या, आणि त्यांचं मला काही वाटायचं नाही असं मी म्हणणार नाही. कधी कधी रेडिओवर साबणाची किंवा चहाची जाहिरात लागायची आणि मी हातातलं काम सोडून उभी राहायचे. चाल कुणाचीही असो, खालचे सूर मोकळे आणि वर उजव्या हाताला भरपूर जागा. डाव्या हाताची जागा रिकामी सोडलेली. तो असेल किंवा नसेल.

मागच्या वर्षी भाचीने ती टेप कुठूनशी फोनमध्ये उतरवून आणली. म्हणाली, आत्या, हे काहीतरी मशीन आहे, यात गाणं नाहीच. मी तिला म्हटलं, राहू दे तसंच. सोलापूरला गेले तेव्हा त्या गल्लीतही गेले. भावाचे माग केव्हाच भंगारात गेले होते, शेडमध्ये कुणीतरी मोटारसायकली लावतं. आता तिथे खरीच शांतता आहे, आणि मला ती सहन होईना.

रिक्षात बसून मी फोन कानाला लावला, एकाच कानाला. तो चार आकडे मोजतो. मग म्हणतो, "घ्या बाई." मग माग सुरू होतो आणि चालीइतका वेळ चालत राहतो. मांडीवर माझा उजवा हात पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत बरोबर चालला, लय कुठेही सुटली नाही. डावा हात मी पदराखाली धरला होता.