पप्पांना नारळ दिला

सुरुवात कुठून करू, तेच कळत नाही. मैत्रिणीला सांगायला बसले तर अर्ध्यातच हसू फुटलं, आणि पुढचं तिला कळलंच नाही. तुम्हाला मात्र नीट सांगते. फक्त आमच्या श्रीवर्धनला आलात तर बर्फाच्या कारखान्यासमोर हा विषय काढू नका. तिथे तो अजून ताजा आहे.

माझ्या पप्पांना ॲस्पर्जर सिंड्रोम आहे. घाबरू नका, ते आजारी वगैरे नाहीत! शब्दाचा जो सरळ अर्थ, तोच ते घेतात, आणि तसंच बोलतात. शेजारच्या रेखाकाकू निघताना "येते हं" म्हणाल्या, की पप्पा विचारतात, "किती वाजता?" आई रुसून "मला काही झालेलं नाही" म्हणाली, की ते "छान!" म्हणतात आणि पेपर उघडतात. चाळिशीत डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा आई रडली. पप्पा म्हणाले, "बरं झालं. याला नाव आहे."

मग घरात दुभाषी कोण? मी! वर्गात हजेरी देताना माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही जात नाही. पण घरात जगाचं बोलणं पप्पांना आणि पप्पांचं जगाला समजावून सांगायचं काम माझंच. शिवाय मराठीच्या पेपरात वाक्प्रचारांना मला कायम पैकीच्या पैकी. गर्व होता हो मला!

तर एका संध्याकाळी पप्पा कारखान्यातून आले, चपला नेहमीसारख्या भिंतीला समांतर लावल्या आणि म्हणाले, "आज मला शेठनी नारळ दिला. उद्या येऊ नका म्हणाले."

आणि पाय धुवायला गेले.

नारळ देणे म्हणजे कामावरून काढून टाकणे. वाक्यात उपयोग करून दाखवायचीही गरज नव्हती, उपयोग समोर झाला होता!

बर्फाच्या कारखान्यात मशीन सांभाळायची ही एकच नोकरी पप्पांची टिकली होती. त्याआधी एका मासळीवाल्याकडे होते, तिथे गिऱ्हाईकासमोर "हे पापलेट परवाचं आहे" म्हणाले आणि नोकरी गेली. नवीन ठिकाणी मुलाखतीला पाठवायचं, तर "इथे का यावंसं वाटलं?" या प्रश्नाला ते उत्तर देतात, "घरापासून जवळ आहे." कोण ठेवणार त्यांना?

तुम्ही म्हणाल, अगं, नीट विचारायचं! अहो, विचारलं ना! जेवताना आईनेच विचारलं.

"अहो, खरंच नारळ दिला?"

"हो. शेठनी स्वतःच्या हाताने."

"एकट्या तुम्हालाच?"

"एकट्यालाच."

"सगळ्यांसमोर?"

"हो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

टाळ्या! आईच्या हातातला डाव आमटीत पडला.

"आणि कारण काय सांगितलं?"

"इतकी वर्षं काम केलं म्हणून."

"हे काय कारण झालं?"

"मला पटलं," पप्पा म्हणाले. "अजून थोडी आमटी वाढ."

आई उठून मोरीत तोंड धुवायला गेली. ते कशासाठी, हे पप्पांना कळलं नाही. मला कळलं. तेवढ्यात कुंपणापलीकडून रेखाकाकू आल्याच. आमच्याकडची बातमी त्यांना आमच्याआधी कळते.

"भाऊ, नारळ दिला म्हनं तुला?"

"हो."

"लय वाईट झालं रं."

पप्पांनी थोडा विचार केला. "वाईट नसावा. कानाशी हलवून बघितला. पाणी वाजतंय."

काकूंनी मला बाजूला ओढलं. "धक्का बसलाय गं बायो त्याला. काय पन बोलतोय. एकटा सोडू नका आज."

खरं तर इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला का? छे! मागच्या पडवीत नारळांचा ढीग असतो आमच्या, वाडीतलेच. त्यात एक जास्तीचा पडलाय, हे कुणाच्या लक्षात येणार? मी तर पप्पांकडे पाहून डोळे पुसत होते.

सकाळी पप्पा शांतपणे घरी बसलेले बघितले आणि मी ठरवलं. शाळेच्या वाटेवरून वळले ती थेट कारखान्यात. शेठ दारातच खुर्ची टाकून चहा पीत होते. आजूबाजूला बर्फाच्या लाद्या टेम्पोत चढवणारे सगळे कामगार.

"शेठ, तुम्ही माझ्या पप्पांना नारळ दिलात?" हा आवाज माझाच होता, देवाशप्पथ! रस्त्यापलीकडचा कुत्रा उठून बसला.

"दिला की."

"का दिलात?"

"माणूस चांगला आहे म्हणून."

"चांगल्या माणसाला नारळ देतात?"

"मग काय, चोराला देऊ?"

मी आणखी पेटले. "माझ्या पप्पांना ॲस्पर्जर आहे. त्यांना आडून बोललेलं कळत नाही, आडून बोलताही येत नाही. तो काही गुन्हा नाही! त्यांच्याइतकं मन लावून मशीन कोण सांभाळतं इथे? आणि तुम्ही टाळ्या वाजवता?"

लाद्या जागच्या जागी थांबल्या. शेठनी कप खाली ठेवला.

"ते मला माहीत आहे, पोरी. डॉक्टरांकडून आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानेच सांगितलं. म्हणाला, माझी चेष्टा करायची असेल तर आधी तसं सांगा. तेव्हापासून आम्ही सांगतो, 'आता चेष्टा हं.' मग तोही हसतो."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यांची गोष्ट त्यांनी कधीच, माझ्याशिवाय, नीट सांगून टाकली होती.

"मग... कामावरून का काढलंत?"

"कुणाला काढलं?"

"नारळ दिला ना!"

शेठचं पोट हसून हलायला लागलं. "अगं, नारळ दिला म्हणजे नारळ दिला! नवीन मशीनची पूजा झाली, तुझ्या बापाचा सत्कार केला, एक दिवस आरामाला सुट्टी दिली!"

पुढचं हसणं बंदरावर ऐकू गेलं असेल. टेम्पोवाला तर स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. शेठनी डोळे पुसत पूजेतला उरलेला एक नारळ माझ्या हातात दिला. "घे. भाषण झकास झालं. पण आजपासून बापाची वकिली बंद. त्याचं तो बोलतो, आणि आम्हाला कळतं."

शाळा बुडलीच होती. घरी आले, तर पप्पा मागच्या पडवीत खवणीवर बसून सत्काराचा नारळ खवत होते आणि आई शेजारी भिंतीला टेकून हसत होती. म्हणजे खरा नारळ बघून इकडेही उलगडा झाला होता, आणि आईने त्यांना वाक्प्रचारही शिकवला होता.

पप्पांनी माझ्या हातातल्या नारळाकडे बघितलं.

"हा कुणी दिला?"

"शेठनी."

त्यांनी खवणं थांबवलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "कोणत्या अर्थाने?"

खोटं कसं बोलू? म्हटलं, "दोन्ही, पप्पा."