आतोबांचं पोट खालसा झालं

ग्वाल्हेरात भूक म्हणून जी काही होती ती सगळी एकट्या आमच्या आतोबांच्या वाट्याला आली होती. आम्ही बाकीचे वेळ झाली म्हणून जेवत असू. आत्याचे यजमान म्हणून ते आमचे आतोबा. पण ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या निम्म्या मराठी घरांत त्यांच्या जेवणाची ख्याती होती आणि त्यांना लग्नाची पत्रिका देण्याआधी लोक आचाऱ्याचा सल्ला घेत. त्यांचे आजोबा रियासतीत मेजवान्यांच्या व्यवस्थेवर होते. रियासत विलीन झाली, दरबार उठला, मेजवान्या बंद पडल्या, पण ही बातमी आतोबांच्या पोटापर्यंत पोचलीच नाही. मध्य भारत नावाचं राज्य झालं, सहा महिने ग्वाल्हेर आणि सहा महिने इंदूर अशी त्याची राजधानी फिरू लागली, आणि मग तेही राज्य मोडून राजधानी कायमची भोपाळला गेली. "मी जन्मलो मध्य भारतात, माझी मुंज झाली मध्य प्रदेशात, आणि दोन्ही वेळी मी एकाच खोलीत होतो," असं ते अभिमानाने सांगत. राजधानी गेल्याचं दुःख त्यांना झालं ते एवढ्याचसाठी की तिच्याबरोबर सरकारी चहापानं गेली.

त्यांचा दिवस फूलबागेत फिरण्याने सुरू होई. हे फिरणं प्रकृतीसाठी होतं, पण ते नेमकं कचोरीवाल्याच्या गाडीपाशी संपत असे, आणि गाडी हलली तर फिरण्याचा रस्ताही हले. दाल बाजारात ते डाळ घ्यायला गेले की दुकानदार पोत्यांची तोंडं झाकून घेत, कारण आतोबा कच्ची डाळ दाताखाली धरून, डोळे मिटून, ही वरणाची, ही आमटीची, ही शेजाऱ्याला द्यायची, असा निवाडा करत आणि तो संपेपर्यंत पाव किलो डाळ तोंडातच संपे. एकदा एका बारशाला ते चुकून शेजारच्या घरात शिरले. तिथे कुणाच्या तरी सेवानिवृत्तीचं जेवण चाललं होतं. आतोबा तिथे जेवले, उत्सवमूर्तीला आशीर्वाद दिला, चूक कळल्यावर बारशाच्या घरी येऊन पुन्हा जेवले आणि वर म्हणाले, "तिकडचं श्रीखंड जास्त चांगलं बनलं होतं, भई."

घरी मात्र त्यांच्या जेवणाचा एक रिवाज होता. पाटावर बसायचं, आपोशन घ्यायचं, आणि पानावरून मध्येच उठायचं नाही, घराला आग लागली तरी नाही. आत्या तळणीपाशी उभी राहून एकेक पुरी काढायची आणि फुगलेली, सुसकारे टाकणारी अशी त्यांच्या पानात नेऊन ठेवायची. त्यांचं जेवण दीड-दोन तास चाले. ते उठले की त्याच ताटावर आत्या बसायची. ही त्या घरातली जुनी पद्धत. मला तिचा लहानपणापासून राग आहे, आणि तो मी आत्याला अनेकदा बोलून दाखवला आहे. ती हसून म्हणायची, "अगं, ताटात बघ तरी." ताटात आतोबांनी तिच्यासाठी काहीतरी राखून ठेवलेलं असे: अर्धा लाडू, मसाल्यासकट एखादं भरलं वांगं, एक पुरी. त्या माणसाने खाण्याची वस्तू समोर असताना ती न खाता उठणं म्हणजे काय, हे ज्याने त्यांना जेवताना पाहिलंय त्यालाच कळेल.

मग साखर वाढली, गुडघ्यांनी संप पुकारला आणि सिटी सेंटरमधल्या एका डॉक्टरांनी पोट लहान करण्याचं ऑपरेशन सुचवलं. पोट आता केळ्याएवढं राहील, असं त्यांनी समजावलं. आतोबांनी विचारलं, "कोणतं केळं? वेलची की भुसावळी?" डॉक्टर हसून पुढच्या पेशंटकडे वळले, त्यामुळे ऑपरेशनच्या टेबलावर जाईपर्यंत ते भुसावळी धरून चालले होते. शुद्धीवर आल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी जाहीर केलं, "संस्थान खालसा झालं. आता नुसता तनखा चालू आहे." तनखा म्हणजे वाटीभर मऊ वरण किंवा पनीरचे चार तुकडे, आणि प्रत्येक घास लगदा होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी बिलकुल मना. पण आपोशनाला तर पाणी लागतं. या मुद्द्यावर आतोबांनी डॉक्टरांशी तहाची बोलणी केली आणि अर्धा चमचा मंजूर करून घेतला. पुढे पुढे आपोशन झालं की त्यांना अर्धं जेवण झाल्यासारखं वाटू लागलं.

आतोबा वाळू लागले ते ठीकच होतं. पण काही महिन्यांत माझ्या लक्षात आलं की आत्याही वाळते आहे. तिच्या बांगड्या मनगट सोडून कोपराकडे सरकू लागल्या. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. निघणार काय? ती अजून त्यांच्याच ताटावर बसत होती, आणि त्या ताटात आता वाटीच्या तळाशी चिकटलेलं वरण तेवढं उरत होतं. मी ओरडले तेव्हा म्हणाली, "हे दोन चमचे खाऊन उठतात. मी यांच्यापुढे ताट भरून बसू? घास उतरत नाही गं." ही बाई अशीच संपून जाईल या विचाराने मला झोप लागेनाशी झाली. आतोबांना यातलं काही दिसत नव्हतं. स्वतःचं पोट गेल्याच्या सुतकात ते होते.

अशात ती बोटीची सहल आली. ऑपरेशनचं नावही निघालं नव्हतं तेव्हा त्यांच्या बंगळूरच्या मुलाने लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून ती ठरवली होती. मुंबईहून निघायचं, समुद्रात फिरायचं आणि दिवसभर हवं तेवढं, हवं तेव्हा खायचं. डॉक्टरांनी परवानगी दिली. आत्याकडे लक्ष ठेवायला म्हणून मी बँकेतून रजा काढून बरोबर गेले.

बोटीवरचा भोजनकक्ष पाहून आतोबा दारातच थांबले. इकडून तिकडे नुसती पात्रं मांडलेली: पुलाव, पनीरच्या भाज्या, दहीवडे, जिलब्या आणि माझ्या ओळखीचे नसलेले शंभर पदार्थ. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं, आता रडतात. पण ते पुढे झाले आणि त्यांच्यातले दरबारी आजोबा जागे झाले. जिलबीच्या पात्रापाशी उभे राहून ते येणाऱ्याजाणाऱ्याला आग्रह करू लागले. एका पंजाबी बाईंना त्यांनी "हमारी क़सम" घालून तिसरी वाटी रबडी घ्यायला लावली. उभ्याने खाणाऱ्या तरुणांना हाताला धरून बसवलं. दुसऱ्या दिवशी लोक त्यांना बोटीचे कुणी अधिकारी समजून भात कच्चा असल्याच्या तक्रारी सांगू लागले, आणि आतोबा त्या तक्रारी घेऊन खरंच भटारखान्यात गेले. तिथून त्यांना सन्मानाने बाहेर आणण्यात आलं.

हे सगळं आटोपून ते आपली वाटी घेऊन टेबलाशी बसत, आपोशन घेत आणि तासभर चावत राहत. शेजारी आत्या रिकामी बशी पुढे घेऊन बसलेली. यांचं झाल्याशिवाय ती उठायची नाही, आणि यांचं होईपर्यंत वाढपी पात्रं उचलून नेत. माझं ती ऐकत नव्हती. मी बशी भरून आणली तर ती झाकून ठेवायची आणि नंतर त्या गार अन्नातले दोन घास खाऊन बाजूला सारायची. दोन दिवस ती चहाबिस्किटांवरच होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या टेबलावर इंदूरचे एक गृहस्थ बसले होते. इंदूर-ग्वाल्हेरचं जुनं वैर असल्यामुळे आतोबांनी त्यांना पोह्यांचा जरा जास्तच आग्रह चालवला होता. ते खाता खाता थांबले, आतोबांकडे पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं, आणि अगदी साधेपणाने म्हणाले, "माफ करा हं, ऑपरेशन तुमचं झालंय ना? मला वाटत होतं वहिनींचं झालं."

आतोबांचं चावणं थांबलं. त्यांनी वळून आत्याकडे पाहिलं. तिचा चेहरा, मग तिचे हात, मग कोपराशी अडकलेल्या बांगड्या. आणि मग, ज्या माणसाने घराला आग लागली तरी उठणार नाही असं आयुष्यभर सांगितलं, तो भरल्या वाटीवरून उठला. पलीकडे आचारी पुऱ्या तळत होता. रांगेतल्या लोकांना बाजूला सारून त्यांनी तळणीतून निघालेली पुरी बशीत घेतली आणि बोट हलत असताना, पुरी फुटू नये म्हणून बशी दोन्ही हातांत धरून, देवाची पालखी आणावी तसे ते पावलापावलाने आले. आत्यासमोर बशी ठेवून म्हणाले, "खा."

"अहो, तुमचं व्हायचंय अजून."

"माझं पोट खालसा झालं. तुझं कुणी केलं? राजधानी आजपासून तुझ्याकडे आली समज."

आत्याने पुरी बोटाने हळूच दाबली. वाफ निघाली आणि बोट भाजलं म्हणून तिने हात मागे घेतला. "अहो," ती म्हणाली, "फुगलेली खायची तर इतकी गरम असते होय?"

सगळं आयुष्य जिने पुऱ्या तळल्या, तिने एकही फुगलेली पुरी खाल्ली नव्हती. तिच्यापर्यंत पोचेतो प्रत्येक पुरी गार आणि वातड झालेली असे. ताटात राखून ठेवलेलीही. मला हे तिथे बसल्या बसल्या कळलं. आतोबांना माझ्याही आधी कळलं असावं, कारण ते पाठ फिरवून पुन्हा तळणीकडे निघाले होते. त्या सकाळी त्यांनी कितीतरी फेऱ्या मारल्या. आत्या खात होती. इंदूरचे गृहस्थ मान खाली घालून पोहे खात राहिले.

आता रविवारी मी लश्करात त्यांच्याकडे जाते तेव्हा आत्या आधी जेवायला बसते आणि तळणीपाशी आतोबा असतात. पुऱ्या त्यांना जमत नाहीत. पीठ सैल, तेल कधी थंड, कधी धुरकट. एकही पुरी फुगत नाही. दर पुरीला ते आतून विचारतात, "फुगली का गं?" आणि आत्या ती चपटी पुरी तोंडात घालता घालता सांगते, "फुगली हो." तिच्या बांगड्या पुन्हा मनगटावर आल्या आहेत. जेवण झालं की ती उठते. मग आतोबा हात धुऊन येतात आणि त्याच ताटावर बसतात. ताटात वाटीभर वरण वाढलेलं असतं आणि कडेला, त्यांच्यासाठी राखलेला, पुरीचा एक लहानसा तुकडा असतो. तो ते बराच वेळ चावत राहतात.