सव्वाशेचे साठ

"किती सेकंदांत?" हे विचारल्याशिवाय सर कागदाला पेन्सिल लावत नसत.

मलकपेठेत माझं वर्कशॉप आहे. पत्रा ठोकून आकार देणारे जुने प्रेस घ्यायचे, दुरुस्त करून विकायचे. प्रेसचं जड चाक थांबलेलं असतं. ते वेगात आणायला मोटरला किती जोर लागेल, हे गणित मला येत नाही. शाळा सातवीलाच सुटली. सर पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले, आमच्याच गल्लीत एकटे राहायचे. दुपारी चहाला यायचे आणि गणित करून द्यायचे.

"दहा सेकंदांत," मी म्हणायचो.

चाकाचं वजन, व्यास, फेरे मांडून ते सांगायचे, "सव्वाशे न्यूटन-मीटर."

"साठ करा, सर."

तुम्ही हसाल. पण पहिला आकडा मी आयुष्यात कधी मान्य केलेला नाही.

"करतो की. एकवीस सेकंद द्या."

"पंधरा घ्या."

"मग चौऱ्याऐंशी. बेअरिंगचं घर्षण वेगळं."

असा चहा गार व्हायचा. माझ्याशी न चिडता इतका वेळ घासाघीस करणारं दुसरं कुणी नव्हतं. त्यांच्याशी बोलणारंही बहुधा नव्हतं.

एकदा मी स्वस्तातली, साठचीच छोटी मोटर बसवली. गिऱ्हाइकानं विचारलं, "इस्पीड पकडने कू कित्ता टाइम लेता?"

"दस सेकंड," मी म्हणालो.

त्यानं चहा पीत बसलेल्या सरांकडे पाहिलं. "इक्कीस," सर म्हणाले.

"नक्को भाई, अपने कू जल्दी होना." तो गेला.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?" मी कामगारांसमोर ओरडलो. "माझाच चहा प्यायचा आणि माझाच सौदा मोडायचा?"

"त्यानं माझ्याकडं पाहिलं हो," एवढंच म्हणून त्यांनी अर्धा कप खाली ठेवला.

ते गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं, असं मला आजही वाटतं. त्यांना बोलवायला मी गेलो नाही. तीन महिन्यांनी कळलं, मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली.

गेल्या आठवड्यात नवा प्रेस आला. मी फोन लावला. 'चुकलं माझं' हे वाक्य जुळवून ठेवलं होतं.

"बोला, मालक."

मी वजन, व्यास, फेरे, सेकंद एका दमात सांगितले. पलीकडे कागद वाजला.

"एकशे चाळीस."

कमी करा म्हणायला तोंड होईना. "बरं," मी म्हणालो.

त्यांनी फोन ठेवला नाही. पलीकडे स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी आकडा पाडायला सांगेन म्हणून ते थांबले असावेत. मग फोन बंद झाला.