टाकीतला दोन सेकंदांचा आवाज

कुठलंही इंजिन पूर्ण उघडून पुन्हा जोडलं की एक-दोन नट उरतातच. कुठले ते कळत नाही, आणि गाडी तर छान चालत असते! टाकून द्यायला मन होत नाही, म्हणून आम्ही ते एका बिस्किटाच्या डब्यात ठेवायचो. वर्षा-दोन वर्षांत डबा भरायचा. गॅरेजमधले किस्सेही असेच उरत जातात. आज तो डबा जरा उपडा करतो.

जळगावला अजिंठा रोडवर आमचं पत्र्याचं गॅरेज होतं. माणसं तीन. धुळ्याच्या आयटीआयमधून शिकून आलेला मी, वायरिंगचं काम बघणारा भिकनभाऊ, आणि आमचे उस्ताद नाना. नाना शिरपूरकडचे. गिऱ्हाइकाशी शुद्ध बोलायचे, पण इंजिनाशी आणि आमच्याशी अहिराणीत! त्यांचं सगळं नाव होतं ते त्यांच्या कानावर.

एकदा नाना रस्त्याकडे पाठ करून चहा पीत बसले होते. मागे एक जीप येऊन थांबली. नाना वळलेसुद्धा नाहीत. नुसती इंजिनाची टकटक ऐकून म्हणाले, "दोन नंबरचा टॅपेट ढिला शे."

जीपमधून मेहरूणचे एक ओळखीचे गृहस्थ उतरले. "अहो नाना, मी मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलोय!"

"पत्रिका द्या. आणि चावीपण द्या."

टॅपेट ढिलाच निघाला. उरलेल्या पत्रिका त्यांनी त्या दिवशी भिकनभाऊच्या सायकलवर वाटल्या.

* * *

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा आमच्याकडे पहिली इंजेक्शनवाली गाडी आली. नानांनी बॉनेट उघडलं आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

"कार्बोरेटर कोठे शे?"

"नाही नाना, यात कार्बोरेटर नसतो. पंप दाबाने पेट्रोल पाठवतो आणि इंजेक्टर ते फवारतात."

"आन पंप कोठे शे?"

"टाकीत. पेट्रोलमध्येच बुडालेला."

नानांचा चेहरा एकदम उजळला. "मंग सरळ सांग ना, सबमर्सिबल शे!"

मी त्यांना पुढचं सांगितलं. चावी फिरवली, पण इंजिन चालू केलं नाही, तरी पंप दोन सेकंद गुणगुणतो. तेवढ्यात लाईनमध्ये दाब भरतो आणि पंप गप्प होतो. ते दोन सेकंद ऐकू आले नाहीत तर समजायचं, पंपापर्यंत करंट नाही किंवा पंप गेला.

दोन सेकंदांचा आवाज म्हटल्यावर नाना खूश. काम पुन्हा कानावर आलं होतं ना! तेव्हापासून आमच्याकडे पद्धतच पडली. कॉम्प्रेसर बंद, रेडिओ बंद, भिकनभाऊची हातोडी बंद. मी चावी फिरवायचो, नाना मागे टाकीपाशी वाकायचे आणि निकाल द्यायचे, "बोलना!" म्हणजे बोलला. नाहीतर, "नही बोलना." गिऱ्हाईकही श्वास रोखून उभं राहायचं. दवाखान्यात डॉक्टर छाती तपासताना नातेवाईक राहतात तसं.

* * *

सावद्याचे एक केळीवाले आबा गाडी घेऊन आले. गाडी सुरू व्हायची, गावात चालायची, पण घाटात जोर दिला की गचके खायची. पंप बोलत होता. दाब किती पडतो ते मोजायला गेज लागतो, आणि तो आमच्याकडे नव्हता. नाशिकहून मागवावा लागणार होता.

आबांनी विचारलं, "कितीपर्यंतचा गेज लागतो?"

"चार किलोपर्यंतचा."

आबा बसने सावद्याला गेले आणि दुपारी परत आले. पिशवीतून पंच्यात गुंडाळलेला गेज काढला. केळीच्या ठिबकच्या पाइपावरचा! आम्ही रबरी नळी आणि क्लिपा लावून तो पेट्रोलच्या लाईनवर बसवला. गाडी नुसती उभी असताना काटा अडीचवर. ॲक्सिलेटर दाबून धरला की काटा खाली, खाली, एकच्या जवळ. आम्ही तिघं विचारात पडलो. इंजेक्टर, रेग्युलेटर, पंप, नेमकं काय खोलायचं?

आबा पंच्याला हात पुसत म्हणाले, "अरे भाऊ, पहिल्या झाडाले पानी जाते, शेवटच्या झाडाले नही जात, तं आधी काय पायता? फिल्टर! चोंदला राहीन."

फिल्टर काढून पालथा केला तर चहाच्या रंगाचं पेट्रोल आलं. नवा बसवला, आणि ॲक्सिलेटर कितीही दाबला तरी काटा अडीचवरून हलला नाही.

नानांनी आबांना हात जोडले. "आबा, उद्यापासून तुम्ही गॅरेजला या. मी सावद्याला जाऊन केळी पाहतो."

गेज आबांनी आम्हालाच ठेवायला दिला. "तुमच्या कामाचा हाये," म्हणाले. तो माझ्या पिशवीत कायमचा राहिला.

* * *

चोपड्याचे एक डॉक्टर आले ते जरा रागातच. "माझी गाडी सकाळी माझ्या हाताने सुरू होत नाही. हिच्या हाताने पहिल्या झटक्यात होते!" शेजारी अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, शांत बसलेल्या. "त्यांना मी रोज सांगते, देवाचं नाव घेऊन चावी लावा."

नानांनी गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी दोघांना बोलावलं. आधी डॉक्टर बसले. एका दमात चावी फिरवली. नुसतीच घरघर. मग नाना अक्कांना म्हणाले, "घरी जसं करता, अगदी तसंच करा."

अक्कांनी चावी अर्धी फिरवली. डोळे मिटून कुलदेवीला हात जोडले. मग चावी बंद करून डॉक्टरांकडे वळल्या. "बॅग घेतली का?" डॉक्टर बॅग रोज विसरतात म्हणे. बॅग आली. पुन्हा चावी अर्धी, पुन्हा हात जोडले, मग पूर्ण फिरवली. गाडी सुरू!

आता उलगडलं. पंपातली दाब धरून ठेवणारी झडप गळत होती, त्यामुळे रात्रीतून लाईन रिकामी व्हायची. डॉक्टरांच्या एका दमात ती भरायची नाही. अक्कांच्या दोन नमस्कारांत पंपाला दोनदा दोन सेकंद मिळायचे. गेज लावून इंजिन बंद केलं तर काटा डोळ्यांदेखत उतरत गेला.

"म्हणजे देवाचा काही संबंध नाही!" डॉक्टर जिंकल्यासारखे म्हणाले.

"बॅगेचा आहे ना," अक्का म्हणाल्या.

नवा पंप बसवला. महिन्याने डॉक्टर एकटेच आले. जाताना मी बघत होतो. चावी अर्धी, हात जोडले. बंद. पुन्हा अर्धी, पुन्हा हात जोडले. मी म्हटलं, "डॉक्टर, आता गरज नाही!" डॉक्टर म्हणाले, "माहीत आहे हो."

* * *

बँकेतल्या एका साहेबांची गाडी ढकलत आणली. नाना वाकले, मी चावी फिरवली. "बोलना!" नाना म्हणाल्यावर पंपाकडे बघायचं कारणच उरलं नाही. गेजही लावला नाही. इंजेक्टर काढून धुतले, प्लग बदलले, भिकनभाऊने वायरी तपासल्या. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी भिकनभाऊने सहज फ्यूजची डबी उघडली. पंपाचा फ्यूज जळलेला होता. पंप तीन दिवसांत एकदाही फिरलेला नव्हता.

भिकनभाऊ आधी हसला, मग हसायचा थांबला. नाना म्हणाले, "तव्हय बोलना व्हता." तेव्हा बोलला होता. आम्ही मान डोलावली.

पुढच्याच आठवड्यात दुसरी गाडी. नाना मागे वाकलेले. चावी शर्टाच्या खिशात असेल म्हणून मी चाचपडत होतो. मागून आवाज आला, "बोलना!"

चावी अजून माझ्या खिशातच होती.

बाहेर दोन गिऱ्हाइकं नानांकडे कौतुकाने बघत उभी होती. मी चावी लावली, पंप खरंच गुणगुणला. ज्या माणसाच्या कानावर जिल्हाभर विश्वास, त्याला ऐकू येत नाही हे कुणी कुणाला सांगायचं? नानांना सांगावं तर ते दुसऱ्या दिवसापासून गॅरेजला आले नसते. हे मला पक्कं ठाऊक होतं.

* * *

मग मी एक युक्ती काढली. चावी फिरवली आणि पंपाचा आवाज आला की मी हळूच ब्रेकवर पाय ठेवायचो. मागचा लाल दिवा लागायचा, अगदी नानांच्या डोळ्यांसमोर. आवाज आला नाही तर पाय ठेवायचा नाही. नाना काही विचारायचे नाहीत, मी काही सांगायचो नाही. "बोलना" आणि "नही बोलना" पुन्हा बिनचूक यायला लागलं. मला वाटायचं, नानांना आपोआपच अंदाज येतोय. माझी युक्ती त्यांना कळलेली नाही, असंच मी धरून चाललो होतो.

एकदा मी चावी फिरवली, पंप बोलला, मी ब्रेक दाबला. मागून काहीच नाही. पुन्हा चावी, पुन्हा ब्रेक. नाना वाकलेलेच. गिऱ्हाईक चुळबुळायला लागलं.

शेवटी नाना सरळ झाले, चष्मा पुसला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, "पहिले मांगला बल्ब बदली टाक."

* * *

आता धुळ्याचं सांगतो. नव्या गाड्यांची माहिती द्यायला एका कंपनीचे साहेब धुळ्याला येणार होते. जिल्ह्याजिल्ह्यांतून तीसेक मेकॅनिक जमले. नाना आणि मीही बसने गेलो. कुणीतरी बिघडलेली गाडी आणून उभी केली होती. इंजिन फिरायचं, सुरू व्हायचं नाही. धुळ्यात कुणालाच जमलं नव्हतं.

साहेब स्वतः गाडीत बसले. चावी फिरवली. पंप दोन सेकंद स्वच्छ गुणगुणला. "ऐकलंत? पंप उत्तम. आता वायरिंग बघू. पण आधी जळगावच्या नानांना विचारू या. त्यांच्या कानाची कीर्ती आम्ही ऐकून आहोत!"

तीसेक माणसं बाजूला झाली. नाना सवयीने मागे जाऊन वाकले. मी गर्दीत अडकलेलो. साहेबांनी चावी फिरवली. त्यांचे दोन्ही पाय खाली मॅटवर होते. लाल दिवा लागला नाही.

नाना दिव्याकडे बघत राहिले. मग उठले, सावकाश पुढे गेले, इंजिनाकडे येणारी पेट्रोलची रबरी नळी दोन बोटांत धरली. "आखो एकदा चावी लावा." म्हणजे पुन्हा एकदा.

साहेबांनी लावली. नाना म्हणाले, "पंप काम नही करी राहिना."

सगळे हसले. साहेबही हसले. "अहो नाना, सगळ्यांनी ऐकला!"

नानांनी गर्दीत मला शोधलं. मी मान हलवली. हो, वाजला.

"वाजत असेल," नाना म्हणाले. "पेट्रोल येत नाही. नळी फुगत नाही."

मी पिशवीतून सावद्याचा गेज काढून लावला. चावी फिरवली. पंप गुणगुणला आणि काटा जागचा हलला नाही. टाकी उघडली तेव्हा पंपाच्या तोंडावरची रबरी नळी उभी चिरलेली निघाली. पंप पेट्रोल उपसून परत टाकीतच ओतत होता. सत्काराला शाल नव्हती म्हणून साहेबांनी नानांना स्वतःच्या हातातला टॉर्च दिला. टाळ्या वाजल्या. नाना लोकांच्या हातांकडे बघत उभे होते.

परतीच्या बसमध्ये नानांना खिडकी मिळाली. पारोळा येईपर्यंत ते साहेबांचा टॉर्च लावत-विझवत राहिले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आवाज कसा व्हता रे?"

मी त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि दोन सेकंद गुणगुणलो. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली.

नानांनी डोळे मिटले होते. म्हणाले, "आखो एकदा."