चिमूरपलीकडच्या गावात पासवर्ड बदलायला

ऐन मोहफुलं वेचायच्या दिवसांत चिमूरकडे जाऊ नकोस, असं आई म्हणत होती. तिला वाघाची भीती. मला मात्र माणसाची होती.

नागपूरच्या एका कंपनीत आमचं काम म्हणजे ग्राहकांच्या यंत्रणेत कोण शिरतंय यावर रात्रंदिवस डोळा ठेवणं. जंगलाकाठचं एक गाव आमच्याकडे आहे. कॅमेऱ्यात वाघ दिसला की गावात भोंगा वाजतो. त्या गावाच्या खात्यात भल्या पहाटे भलत्याच नंबरांचे फोन शिरत होते, आणि एकदा तर कुणीतरी भोंगाच बंद केला होता. साहेब म्हणाले, "स्वतः जा आणि सगळं नव्यानं बसव."

एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे चिमूरपर्यंत स्वस्तात पोचाल. स्टँडवर तर्री-पोहे खा आणि ऊन कलण्याआधी काळी-पिवळी जीप धरा. पुढे दोन्हीकडे सागवान. वळणांवर आमच्या जीपवाल्यानं हॉर्न दाबूनच धरला होता.

उतरले गावातल्या शांताबाईंकडे. भात आणि लाखोळीची डाळ वाढता वाढता त्यांनीच उलगडा केला. "पासवर्ड तं ग्रूपवर हाये. मोहफुलाले जाच्या आधी सारेच कॅमेरा पायतो. वाघ दिसला तं जात नाई."

मला हसू आलं. मग आमच्याकडे नोंदलेले नंबर त्यांच्या ग्रूपमधल्या नंबरांशी ताडून पाहिले. सगळे जुळले, एक सोडून.

"हा कोणाचा?"

"मले नाई माहीत. आमच्यातला नोहे."

बायका जंगलात कधी जातात ते या माणसाला कॅमेऱ्यात दिसत होतं, आणि भोंगाही त्याच्या हातात होता.

उद्या जाऊ नका म्हटलं, तर शांताबाई म्हणाल्या, "मोहफूल थांबून राह्यते काय, बाई? ढोरं खाऊन टाकतेत."

पहाटे कॉम्प्युटर उघडला तर तो नंबर आत होता. साहेब फोनवर म्हणाले, "नुसता पासवर्ड बदलून तो बाहेर पडणार नाही, आत्ताच्या आत्ता अख्ख्या गावाचं कनेक्शन तोड." तोडलं तर भोंगा मुका, न तोडलं तर तो त्या माणसाच्या मर्जीवर. बायका तर जंगलात. "आधी बायका बाहेर येऊ द्या," म्हणून मी फोन ठेवला.

शांताबाईंचे यजमान देवरावभाऊ आणि मी पत्र्याचे डबे बडवत, एकेकीचं नाव घेत जंगलाच्या कडेला गेलो. एकेक जण येत गेली. शांताबाई सगळ्यांच्या शेवटी, डोक्यावर भरलेली टोपली.

"काऊन बोंबलून राह्यल्या?" त्या म्हणाल्या. मला रडू फुटलं. परत येऊन कनेक्शन तोडलं. तोवर त्यानं काय काय पाहिलं, देव जाणे.

तक्रार दिली आहे. नंबर बंद लागतो. तो कोण होता, अजून कळलेलं नाही. नवा पासवर्ड गावाला द्यायचा नाही, असा नियम झाला. म्हणून आता मोहाच्या दिवसांत शांताबाई निघण्याआधी मला फोन करतात. मी नागपुरात बसून कॅमेरे बघते आणि सांगते, काही दिसत नाही. "बरं," म्हणून त्या ठेवतात. परत आल्याचा फोन येईपर्यंत मी कॅमेऱ्यांसमोरून उठत नाही.